तालाचं पोरगं

लगीन होऊन मी त्या घरात आले तवा माणसाला बसायला जागा न्हवती, पर वाजपाला व्हती. सोलापुरात गिरणीच्या मागल्या अंगाला दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत भिंतीला टेकून मोठा ढोल, त्येच्या शेजारी ताशा, खुंट्यांवर पितळेची वाजपं आन् दोरीवर बँडाचे लाल कोट. कोट कुणाच्याच मापाचे न्हवते. ज्याला जो घावंल तो घालायचा, आन् बाह्या लांब झाल्या तर दुमडायचा. त्या कोटांना घामाचा, तंबाखूचा आन् लग्नातल्या हळदीचा असा एकच वास यायचा, धुतला तरी जायचा न्हाई. आत्यानी, म्हंजी माझ्या सासूनं, पयल्याच दिवशी सांगितलं, की ढोलाला पाय लावायचा न्हाई, त्येच्यावर काई ठिवायचं न्हाई, चुलीचा धूर तिकडं जाऊ द्यायचा न्हाई. माझ्यावर काय काय ठिवायचं न्हाई ते कुणी सांगितलं न्हाई.

सासरा बँडाचा मास्तर. कलारनेट वाजवायचा. सगळी दुनिया त्यांना मास्तर म्हणायची, मी मामा म्हणायची, पर तेबी त्यांच्या तोंडावर न्हाई. आमच्यात सुनेनं सासऱ्यासंगं बोलायची रीत न्हवती. मी समोर भाकरी थापत बसलेली असले तरी मामा आत्याला म्हणायचे, "तिला म्हणावं आमटीत मीठ कमी हाय," आन् आत्या माझ्याकडं वळून तेच परत सांगायची. माझं उत्तर तसंच माघारी जायचं. मालक, म्हंजी माझा नवरा, मोठा ढोल वाजवायचा. अंगानं बारीक, ढोलाच्या मागं उभा राह्यला की नुसती टोपी आन् पाय दिसायचे. बाकीची माणसं हितली तितली, येत जात राह्यची. एक हुसेनभाई तेवढे कायमचे. ते टरंपेट वाजवायचे आन् माझ्या लग्नाच्या आदीपासनं मामांच्या जोडीला व्हते.

तुळशीची लग्नं लागली की सुपाऱ्या यायला लागायच्या, आन् तितनं पावसापतुर घराला कुलूप. टेंपोत आदी वाजपं चढायची, त्येंच्या खाली गोधड्या. मंग पिठाचं पोतं, ष्टो, पातेली. मंग माणसं. मंग मी आन् आत्या, जिथं जागा उरंल तिथं. वेळापूर, करकंब, माळशिरसाकडची बारकी बारकी गावं, मंग उलट्या अंगाला अक्कलकोटाकडं. तिकडं लोक कानडीत इचारायचे, "ऊटा आतेन्री?" म्हंजी जेवलात का. तिकडच्या लग्नात गव्हाची हुग्गी असायची, गुळाची, वर तूप. हुग्गी द्यायला न्हाई कुणी म्हणलं न्हाई, पर ती आमाला टेंपोपाशी आणून मिळायची. मांडवात न्हाई. मांडवात बसवलंच तर वाजवणाऱ्यांची पंगत सगळ्यात शेवटी, आन् कवा कवा तवर कढईत नुसता तळ राह्यलेला असायचा. म्हणून तर आमी दोघी बायका संगं फिरत व्हतो. गावाच्या कडंला, हिरीपाशी न्हाईतर शाळेच्या मागं, तीन दगडं मांडायची आन् भाकरी थापायच्या. संगं शेंगाची चटणी, डाळीचं पातळ कालवण.

फुकणाऱ्या माणसाचं जेवणबी लई नाजूक असतंय. पोट भरलेलं असलं की दम घावत न्हाई, म्हणून सकाळपासनं वरात संपस्तवर ती उपाशी. आंबट तर अजिबात चालायचं न्हाई. तोंडाला पाणी सुटलं की कलारनेटची पत्ती भिजती आन् सूर फाटतो. हे गावातल्या पोरांना बरोबर ठावं असायचं. वरातीत म्होरं उभी राहून चिंच चोखत बसायची, मामांच्या डोळ्यात डोळं घालून. मामा नजर वळवायचे. हुसेनभाई मातुर थांबून म्हणायचे, "चूस रे चूस, तेरेच दाताँ खट्टे हुइंगे," आन् पोरांच्या कानापाशी टरंपेट लावून असा फुकायचे, की पोरं चिंच टाकून पळायची.

दत्तू पोटात असताना मी फिरत व्हते. ढोलाच्या मागं पाण्याची कळशी घेऊन चालायचं माझं काम, वाजवणाऱ्यांना मधी मधी घोट घोट पाणी द्यायचं. ढोलाचा एकेक ठोका पोटात लागायचा आन् लेकरू आतनं हलायचं. म्या आत्याला सांगितलं, आत्यानं मामांना सांगितलं, मामा खुश झाले. दत्तू जलमला पावसाळ्यात, घरीच. दिवाळीनंतर टेंपो निघाला तवा मी त्येला गोधडीत गुंडाळून संगं घेतलं. ठिवणार कुणापाशी? समदी तर टेंपोत.

पयल्याच लग्नात सगळ्यांच्या जीवाला घोर, की बँड सुरू झाला की ह्ये लेकरू किंचाळणार. टेंपो मांडवापाशीच उभा व्हता. बँड सुरू झाला. टरंपेट, कलारनेट, झांजा, सगळं एकदम. मी पदराखाली धराया गेले तर ह्यो आपला झोपलेला. तोंडातनं जरा दूध गळालेलं, मुठी मिटलेल्या. गाणं संपल्यावर मामा टेंपोपाशी आले, वाकून बघितलं आन् आत्याला म्हणले, "शिकूनच आलंय की ग ह्ये पोटातनं."

तितनं फुडं ती एक गोष्टच झाली. मामा प्रत्येक गावात सांगायचे. मांडवातल्या बायका हातातलं काम टाकून बघाया यायच्या, की बँडवाल्याचं पोर बघा कसं झोपतंय, आमचं ताट पडलं तर उठतंय. आत्या लगीच मीठ-मिरच्या ओवाळून टाकायची. आन् त्यात भर म्हणून अजून एक झालं. जरा मोठा झाला, बसाया लागला, तवा टरंपेट कानापाशी वाजलं तरी वळून बघायचा न्हाई, पर मोठा ढोल जवळ वाजला की डोळं मोठं करून हसायचा, पाय झाडायचा. मामांनी हे दोन-तीन गावं बघितलं. मंग एकदा जेवताना आत्याला म्हणले, मला ऐकू जाईल असं, "सुराला ढुंकून बघत न्हाई आन् ढोलाला हसतंय. तालाचं पोरगं हाय ह्ये. सुराचं न्हाई." वाजवणाऱ्यांच्यात तशी माणसं असत्यातच, एक सुराला धरून चालणारा, एक तालाला. तवा कुणालाबी ते खरंच वाटलं. मालक तर एवढा फुगला, की रिकाम्या येळी दत्तूला ढोलाच्या कडंला टेकवून बसवायचा आन् हळूहळू वाजवायचा. लेकरू पाठ ढोलाला लावून हसत बसायचं.

आता माझ्या नातीला पोरगी झाली, हितं जुळे सोलापूर भागात. दवाखान्यातनं घरी सोडायच्या आदीच त्यांनी पोरीच्या कानात काईतरी बारीक घातलं, यंत्रात बघितलं आन् म्हणले, कान चांगलं हायत. नात मोबाईलवर बघत बसली व्हती, तिनं मान वरबी केली न्हाई.

दत्तू चालाया लागला, पळाया लागला, पर बोलंना. आवाज काढायचा, हसायचा, रडायचा, पर शब्द न्हाई. आत्या म्हणायची, पोरं उशिराच बोलत्यात, ह्येचा बापबी उशिरा बोलला, आन् बोलून तरी काय दिवे लावलं. मला काय वाटत व्हतं ते मी कुणाला बोलले न्हाई. हाक मारली की ह्यो वळायचा न्हाई, पर आमच्यात तर दिवसभर कायतरी वाजतच असायचं. त्या कालव्यात कुणाची हाक कुणाला ऐकू जायची?

कळलं ते पावसाळ्यात. बँड बंद, सगळी घरी. दुपारची येळ, बाहेर झड लागलेली. दत्तू बाहेरच्या खोलीत दाराकडं तोंड करून चिंचोके मांडत बसला व्हता. मामांनी नवी पत्ती आणली व्हती, ती कलारनेटला लावून बघाया लागले. आवाज ऐकून शेजारची पोरं पावसात पळत दारात आली. दत्तूनं पोरांकडं बघितलं, पाठीमागं न्हाई. मामा त्येच्या पाठीशी उभे. वाजवता वाजवता सवयीनं त्यांचा उजवा पाय जमिनीवर पडाया लागला, ताल धराया. तसा दत्तू गर्रकन वळला आन् त्यांच्या पायाकडं बघून हसला. मी चुलीपाशनं बघत व्हते. मामांनी पाय थांबवला, पर वाजवायचं थांबवलं न्हाई. दत्तू वाईच येळ थांबला आन् परत चिंचोक्यांकडं वळला. मामा एक पाऊल जवळ आले, वाकले, त्येच्या टाळूपाशी कलारनेट धरून वाजवलं. दारातल्या पोरांनी कानावर हात ठिवले. दत्तूनं एक चिंचोका सरळ केला. मंग मामांनी कलारनेट तोंडातनं काढलं आन् नुसता पाय आपटला. दत्तू वळला.

असं त्यांनी कितीदा केलं. मंग खाली बसले, कलारनेट उकललं, एकेक तुकडा फडक्यानं पुसून पेटीत ठिवला, सावकाश. आत्याला म्हणले, "च्या ठिव." च्या झाला तसा तसाच ठिवला, साय धरस्तवर. दारातल्या पोरांना कुणी हाकललं न्हाई, ती आपली आपण गेली.

सिविल हास्पिटलात नेलं. डाक्टर बराच येळ तपासून म्हणले, जलमापासनंच हाय, आता काई हुणार न्हाई. मालकानं इचारलं, ढोलानं झालं का? डाक्टर न्हाई म्हणले. मालकानं परत इचारलं, ढोलापाशी बसवत व्हतो मी त्येला. डाक्टर परत न्हाई म्हणले, आन् फुडच्या माणसाला बोलावलं. घरला येताना रिक्षात मालक मला म्हणला, "ते खरं सांगत असतील का ग?" म्या व्हय म्हणलं. मला तरी काय ठावं व्हतं. त्या दिसापासनं मालकानं दत्तूला ढोलापाशी बसवायचं सोडलं, पर दत्तू आपणच जायाचा, ढोलाला गाल लावून उभा राह्यचा. मालक त्येला उचलून दुसरीकडं ठिवायचा, ह्यो परत जायाचा.

आमच्या शेजारी नरसव्वा म्हणून तेलंगी बाई व्हती, विड्या वळायची. तिनं सांगितलं, की हितंच सोलापुरात बहिऱ्या-मुक्या पोरांची शाळा हाय, तिच्या भावकीतली एक पोरगी जाती आन् आता "अम्मा" म्हणती. पर शाळा म्हणली की वरीसभर एका जागी राह्यला पायजे. म्या आत्याला सांगितलं. आत्यानं रात्रीच्या जेवणाला मामांना सांगितलं. मामांचं उत्तर त्याच ताटावर माघारी आलं, "तिला म्हणावं, ताशाला कान कशाला पायजे? माझा पाय हाय की." आत्याचे गुडघे गेलेले, टेंपोत माझ्याबिगर भाकरी कोण थापणार, हेबी व्हतंच.

मामांनी त्येला खरंच शिकवलं. दारासमोर बसवायचे, आपण म्होरं उभं राह्यचं आन् उजवा पाय टाकायचा. पाय जड पडला की जोरात, नुसता चवडा उचलला की हळू, टाच फिरवली की चाल बदलायची. कसं कुणाला ठावं, पर शिकला. खोटं कशाला बोलू, बरा वाजवायचा. आत्यानं एक जुना कोट फाडून त्येला बारका कोट शिवला. दुसरी पोरं शाळेत पाटी घेऊन जायाच्या वयात ह्यो गळ्यात ताशा अडकवून वरातीत म्होरं चालाया लागला, डोळं मामांच्या पायावर. लोकांना लई कवतिक. हुसेनभाई म्हणायचे, "मास्तर, ये छोकरा तुमारा पाँव नई देखता. तुमाराच पाँव इसकू देखके चलता." मामा हसायचे. मालक हसायचा न्हाई. मी पाण्याची कळशी घेऊन मागनं चालायची, त्येच्या मानंकडं बघत. मान कायम खाली. नवरदेव कसा दिसतो, घोडा कसा नाचतो, लोक कशी बघत्यात, त्येनं कायबी बघितलं न्हाई. नुसता एक पाय.

तसं बघाया गेलं तर दत्तूचं सगळं आयुष्य पुढं कारखान्यातच गेलं, चादरीच्या मागावर. तितं मागांचा एवढा खडखडाट असतो, की चांगल्या कानाची माणसंबी हातानंच बोलत्यात, ओठावरनं वळखत्यात. दत्तूला तितं कुणी बहिरा म्हणलं न्हाई. नवी पोरं कामाला आली की खाणाखुणा शिकाया त्येच्याकडंच पाठवायचे. पर ते लई नंतरचं.

करकंबच्या पलीकडं एक गाव, नाव काय घेत न्हाई. लगीन दुपारचं, आन् लग्नाच्या आदी परण्या. परण्या म्हंजी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या पाया पडाया नेत्यात. आमच्यात एक कायदा व्हता, सगळ्याच वाजवणाऱ्यांच्यात असतो. वाटंत ज्या घरात मयत झालेलं असंल त्या घराच्या अलीकडं वाजप बंद करायचं. मास्तर कलारनेट एका हातात वर धरतो. ते दिसलं की जो जिथं असंल तितं थांबला पायजे, झांज वाजता वाजता अर्ध्यात धरली पायजे. मंग वरात गप चालत जायाची, फुडच्या कोपऱ्यापतुर. त्या दिशी सकाळीच गल्लीत एक म्हातारा गेला व्हता. अजून उचलला न्हवता, पोरगी यायची व्हती. मारुतीला जायाला दुसरी वाट न्हवती. नवरदेवाच्या चुलत्यानं मामांना आदीच सांगून ठिवलं व्हतं.

घर आलं तसं मामांनी कलारनेट वर धरलं. टरंपेट बंद, झांजा बंद, ढोल बंद. पर मामांच्या आन् दत्तूच्या मधी नवरदेवाचे दोस्त नाचत घुसलेले व्हते. त्यातला एक जण प्यालेला व्हता, सगळी थांबली तरी ह्येचा एक पाय थांबंना, धुळीत थपथप आपटत व्हता. दत्तूला मामांचा पाय दिसंना. त्येनं ह्यो पाय धरला. आन् वाजवत राह्यला.

सगळ्या गल्लीत एकच ताशा. लई मन लावून वाजवत व्हता. दोन-चार माणसं हसलीबी. मी मागं, गर्दीतनं वाट काढत निघाले, पर कळशी भरलेली, बायका उभ्या. तवर त्या घरातनं एक माणूस बाहेर आला, उघड्या डोक्याचा, अंगात नुसती बंडी. गेलेल्याचा पोरगा आसंल. त्येनं दत्तूचा हात मनगटात धरला. दत्तूनं त्येच्या पायाकडं बघितलं. अनवाणी, गप उभे पाय. म्हंजी थांबायचं, असं त्येला वाटलं, थांबला. त्या माणसानं हात सोडला आन् माघारी जायाला पाऊल उचललं. तसा दत्तूनं परत ठोका टाकला.

त्या माणसानं वळून त्येच्या कानफटात मारली. टोपी लांब जाऊन पडली. दत्तू रडला न्हाई. मान खाली घालून आजूबाजूचे पाय बघाया लागला, मामांचा कुठला ते हुडकत.

मामा गर्दीतनं म्होरं आले. आपली टोपी काढली आन् हात जोडून म्हणले, "पोराला ऐकू येत न्हाई, दादा." चार माणसांत हे त्यांनी पयल्यांदा म्हणलं. तवर आमी कुठंबी बोललो न्हवतो, हुसेनभाई सोडून बँडातल्या माणसांनाबी सांगितलं न्हवतं. तो माणूस वाईच येळ दत्तूकडं बघत राह्यला. राग निघून गेलेला दिसत व्हता. मंग म्हणला, "मंग त्येच्या गळ्यात ह्ये कशाला अडकवलंय?"

तो आत गेला. आतनं बायकांच्या रडण्याचा आवाज येत व्हता, आता ऐकू येत व्हता.

म्या कळशी रस्त्यावर ठिवली. म्होरं गेले, दत्तूच्या गळ्यातनं ताशाचा पट्टा काढला, हातातल्या काड्या घेतल्या. मामा हितंच उभे व्हते, हाताच्या अंतरावर. आत्या टेंपोपाशी, लांब. तिच्याकडनं सांगायचं म्हणलं तर ती न्हवती. म्या मामांच्या तोंडाकडं बघून म्हणलं, "मामा, फुडल्या हंगामाला मी टेंपोत बसणार न्हाई. दत्तूला शाळंत घालायचंय."

मामांनी मान हलवली का न्हाई मला कळलं न्हाई. ते वळले, बँड गप चालत कोपऱ्यापतुर गेला, आन् कोपऱ्यावर परत सुरू झाला. लगीन लागायचं व्हतं. मालक ढोल वाजवत माझ्याकडं मान वळवून बघत गेला. मी एका कडंवर दत्तू आन् एका खांद्यावर ताशा घेऊन टेंपोपाशी आले. डाळ शिजत घालायची व्हती, ती घातली.

उरलेला हंगाम आत्या माझ्यासंगं बोलली न्हाई. ती बोलंना म्हणून मामांचंबी बोलणं माझ्यापतुर येईना. आमटीत मीठ कमी पडलं तर तसंच खायाचे. मालक एकदाच बोलला, वाटंत भाड्याच्या टेंपोचं चाक फुटलं तवा, दोघंच सावलीला बसलो व्हतो. म्हणला, "मी बोलायला पायजे व्हतं." म्या म्हणलं, तू ढोलाच्या मागं व्हतास, तुला कुटं दिसत व्हतं. त्येच्या फुडं तो इषय झाला न्हाई.

पाऊस पडल्यावर दत्तूला शाळंत घातलं. दिवाळीनंतर टेंपो निघाला तवा मी दारात उभी राहून चढवाया हात लावला, पातेली दिली, पीठ दिलं. आत्या एका हातानं गुडघा धरून चढली. मी नरसव्वासंगं विड्या वळाया बसले. बोटं काळी पडली, तंबाखूनं डोस्कं दुखायचं. पयले काई दिवस घरात एवढं गप असायचं, की मी उगच भांडी आपटायची.

शाळंतल्या बाई वयानं माझ्यापरीस बारक्या व्हत्या. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की हा आता ओठावरनं शब्द वळखाया शिकणार, तर तुमी दिवसभर त्येच्यासंगं बोला. तोंड उजेडात धरा, मान खाली घालू नका, पदर तोंडावर घेऊ नका. मला आईनं जे शिकवलं आन् आत्यानं जे शिकवलं, ते सगळं ह्येच्या उलट. हळू बोल, खाली बघ, पदराचा काठ दातात धर. दत्तूसमोर बसून "पाणी, पाणी, भाकरी" असं म्हणताना पयल्यांदा भिंतीची लाज वाटायची. नरसव्वा दारातनं म्हणायची, "काय वं, पोराला भाषण देतीस का?" आन् दत्तू आपला माझ्या पायाकडं बघत बसायचा. त्येची हनुवटी बोटानं वर करायची, परत खाली जायाची, परत वर करायची. शिमगा आला तवर मान आपली आपण वर राहाया लागली. "पा" म्हणाया लागला, पाणी पायजे असलं की. लई मोठ्यानं, गल्लीभर ऐकू जाईल असं.

हंगाम सरला आन् टेंपो आला. मी दारात दत्तूला घेऊन बसले व्हते, पदर खांद्यावर, आन् त्येला सांगत व्हते, "आजा आला. आजा." आत्या उतरल्या उतरल्या म्हणली, "डोईवर पदर घे." म्या घेतला, पर तोंड झाकलं न्हाई. "आजा" म्हणत राह्यले. मामा वाजपं उतरवायचं सोडून बघत उभे राह्यले. मंग दत्तूसमोर उकिडवे बसले आन् त्येला काईतरी म्हणले. दत्तूनं पायाकडं बघितलं न्हाई, तोंडाकडं बघितलं. मामांना ते नवीन व्हतं. त्यांनी परत म्हणलं. दत्तूला काई कळंना. मामांच्या मिशा जाड, वरच्या ओठावरनं खाली आलेल्या. दत्तूनं हात फुडं केला आन् दोन बोटांनी त्या मिशा वर उचलून आत बघाया लागला.

आत्या हसली. बऱ्याच दिसांनी हसली व्हती. मामा उठले, ढोल उतरवाया गेले.

दुसऱ्या दिशी सकाळी मामा आंघोळीच्या आदी बाहेर गेले ते साफ करून आले. सगळ्या मिशा. वरचा ओठ पांढराफटक, लेकरासारखा. आमच्यात आई-बाप गेल्याबिगर कुणी मिशा काढत न्हाई, आन् मामांचे आई-बाप कवाच गेलेले. गल्लीत माणसं इचाराया लागली, मास्तर, कोण गेलं? हुसेनभाई तर पळतच आले, डोक्याला रुमाल बांधून, मयताला निघाल्यासारखं. मामा म्हणले, "कुणी न्हाई."

घरात आले. आत्या समोरच व्हती, पर तिला काई बोलले न्हाईत. दत्तूच्या म्होरं दारातला उजेड तोंडावर पडंल असे बसले आन् माझ्याकडं बघून म्हणले, "सूनबाई, आदी काय म्हणायचं ते सांग."

म्या सांगितलं, "आजा म्हणा. सावकाश म्हणा."